निवांत बेटाचे वाङ्मय

पूजेच्या सुट्टीत कोठे जावयाचे, हा प्रश्न कोलकात्यातील मराठी घरांतून श्रावणापासूनच सुरू होतो. पुरी झालेली असते, दार्जिलिंग झालेले असते, दीघा तर रविवारच्या पल्ल्यात आलेले. मग रजा-प्रवास सवलतीचे कागद पुढे ओढून कुणीतरी म्हणते, ‘यंदा अंदमान.’ त्यापाठोपाठ दोन विशेषणे ठरल्यासारखी येतात: शांत आणि सुरक्षित. बरोबर मुले आहेत, वृद्ध आईवडील आहेत. तेव्हा ही अपेक्षा गैर आहे असे कोण म्हणेल? परंतु हीच विशेषणे परतल्यावर लिहिल्या जाणाऱ्या लेखातही शिरतात, आणि तेथे मात्र प्रश्न सोयीचा न राहता वाङ्मयाचा होतो. त्या वाङ्मयाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या अंदमानविषयक प्रवासलेखांचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. कोलू पाहून कंठ दाटतो, सावरकरांच्या कोठडीपाशी माथा टेकला जातो, सायंकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो. दुसऱ्या दिवशी बोट हॅवलॉककडे निघते आणि लेखाची भाषाच बदलते. पाणी निळेशार होते, वाळू पांढरीशुभ्र होते, प्रवाळ रंगीबेरंगी होते, ताजे मासे स्वस्त होतात. पहिल्या भागातील लेखक यात्रेकरू असतो आणि दुसऱ्या भागातील लेखक गिऱ्हाईक. या दोघांची एकमेकांशी ओळख नसते. दोन भागांच्या मध्ये एखादे उभयान्वयी अव्ययही आढळत नाही. माझी तक्रार आहे ती या न आढळणाऱ्या अव्ययाविषयी. कारण हे बेट तुरुंगासाठी निवडले गेले तेही ते शांत आणि सुरक्षित ठरेल म्हणूनच.

ही निवड कलकत्त्यातच झाली. १८५७ च्या उठावानंतर बंदिवानांना ठेवावे कोठे, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात डॉक्टर फ्रेडरिक माउअट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती अंदमानकडे रवाना झाली. माउअट हे येथील मेडिकल कॉलेजात अध्यापक होते, पुढे बंगालच्या तुरुंगांचे निरीक्षक झाले. आपल्या वाचकांना त्यांची ओळख सहज पटावी. तेही प्रतिनियुक्तीवर निघालेले एक अधिकारीच होते. १७८९ मध्ये ब्लेअर यांनी वसवलेली पहिली वसाहत उत्तरेकडील बंदरात हलवल्यावर रोगराईने खचली आणि १७९६ मध्ये मोडली, हे समितीला ठाऊक होते. म्हणून गोडे पाणी कोठे, दलदल किती दूर, गलबताला आसरा कसा, बंदिवान पळालाच तर जाईल कोठे, असे सारे पाहून तिने जुन्या बंदराची शिफारस केली. त्याचे नाव पोर्ट ब्लेअर झाले. २०२४ पासून ते श्रीविजयपुरम म्हणून ओळखले जाते. १८५८ च्या मार्चमध्ये दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी तेथे उतरली. पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या ऐंशींहून अधिक जणांना लवकरच एकाच दिवशी फाशी देण्यात आले.

माउअट यांनी या सफरीवर १८६३ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते आज वाचताना चमत्कारिक वाटते, कारण त्यात निसर्गवर्णनाला तोटा नाही. अरण्याची गर्दी आहे, प्रवाळ आहे, सूर्यास्त आहे. आणि त्याच पानांवर किनाऱ्यावरील रहिवाशांशी झालेली चकमक आहे, त्यांतील एकाला पकडून कलकत्त्यास आणल्याची हकीकत आहे. त्याला ‘जॅक’ हे नाव देण्यात आले. शहरातील लोकांनी त्याला पाहून घेतले. तो आजारी पडला, तेव्हा पुन्हा बेटावर नेऊन सोडण्यात आले. सौंदर्य आणि बंदोबस्त यांची अशी सरमिसळ माउअट यांना खटकत नाही. आपल्या प्रवासलेखकाने त्या दोहोंची दोन दिवसांत वाटणी केली, इतकाच फरक.

आता कोठडीच्या आतून लिहिलेल्या पुस्तकांकडे वळू. मराठीत ही शिक्षा ‘काळे पाणी’ या नावाने ओळखली गेली, बंगालीत ‘द्वीपांतर’ या नावाने. आपल्या शब्दात भय आहे ते समुद्राचे. बंगाली शब्दात बेट हीच शिक्षा आहे. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्या काही वर्षे आधी, १९२१ मध्ये, अलीपूर खटल्यातील उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांचे ‘निर्वासितेर आत्मकथा’ प्रसिद्ध झाले होते. दोघे एकाच तुरुंगात होते, दोघांच्या पुस्तकांत तोच जेलर बारी आहे, तोच काथ्या, तोच कोलू, तीच तीस पौंड तेलाची सक्ती. पण दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचली तर एकाच इमारतीत दोन निराळे तुरुंग होते की काय, असे वाटू लागते.

सावरकरांचे गद्य वादसभेतील गद्य आहे. बारीशी होणारे त्यांचे संवाद घ्या: कैदी उभा आहे, अधिकारी बोलतो आहे, आणि तरीही सभेचे अध्यक्षपद कैद्याकडे असावे अशी त्या संवादांची मांडणी आहे. वाक्य लांबत जाते, पुरावा जमवते, आणि अखेरीस प्रतिपक्षाला निरुत्तर करूनच थांबते. या शैलीने मराठी वाचकाला ताठ उभे केले हे निर्विवाद. तथापि ती वाचकाला विसावा देत नाही हेही खरे. उपेंद्रनाथांची रीत उलट. ते हसतात, आणि मुख्यतः स्वतःला व सोबत्यांना हसतात. अन्नाचे वर्णन असो की अंगावरच्या तुरुंगी कपड्यांचे, क्रांतिकारकाचा आब बाजूला ठेवून माणूस किती हास्यास्पद अवस्थेत आणला गेला आहे ते आधी दाखवायचे, आणि मग वाचक हसला की हळूच त्याला त्या हसण्याची किंमत कळू द्यायची. १९१२ मध्ये इंदुभूषण राय यांनी कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्लासकर दत्त यांचे मन ढळले. येथे विनोद आपोआप थांबतो. इतका वेळ हसवणारा माणूस गप्प झाला की त्या शांततेचा अर्थ वाचकाला सांगावा लागत नाही. बंगाली अक्षरे लागू लागलेल्या मराठी माणसाने एवढ्या एका पुस्तकासाठी ती पक्की करून घ्यावीत, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पुस्तकांत समान आहे. तुरुंग समुद्राला खेटून, पण समुद्र तेथे आहे तो पाचवी भिंत म्हणून. इमारतीची रचनाच तशी. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या तिच्या सात पाखा मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत आणि एकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असे. कोठडीला झरोका, तोही पुरुषभर उंचीच्या बराच वर. १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरास’ लिहिणारा कवी दोनच वर्षांनी येथे आला, हे आठवले की या पाचव्या भिंतीचे वजन कळते. अंदमानकडे पाहताना सावरकरांच्या मनात येतो तो भावी हिंदुस्थानच्या पूर्व समुद्रावरील आरमारी ठाण्याचा विचार. यात मला त्यांच्या राजकारणाइतकीच मराठी परंपरा दिसते. आपल्याला बेट दिसले की तटबंदी आठवते. खांदेरी, सिंधुदुर्ग, हातात कधीच न आलेला जंजिरा; मराठी इतिहासात बेट हे राखावयाचे किंवा जिंकावयाचे असते. बेटावर जाऊन नुसते पडून राहावे ही कल्पना आपल्या वाङ्मयात अलीकडची आहे आणि पर्यटन कंपनीच्या पत्रकाबरोबर आली आहे. म्हणूनच तिला अजून स्वतःची भाषा सापडलेली नाही. ती पत्रकाचीच विशेषणे वापरते.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पाहू गेल्यास अंदमानातील खरे निवांत बेट एकच होते: रॉस. तुरुंगाच्या समोर, अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. चॅथम बेटावर पाणी पुरेना म्हणून मुख्य ठाणे तेथे हलवले गेले आणि मग चर्च, क्लब, नृत्यगृह, पाव भाजण्याची भट्टी, मुख्य आयुक्तांचा बंगला असे सारे उभे राहिले. बांधले अर्थात बंदिवानांनी. १९४१ च्या भूकंपाने आणि १९४२ मधील जपानी ताब्याने ती वसाहत संपली. आज भिंतींना वडापिंपळाच्या मुळ्यांनी कवळले आहे आणि हरणे हिंडतात. २०१८ मध्ये या बेटास नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. आमचे प्रवासलेखक येथे हरणांचे छायाचित्र घेतात, आणि अवशेषांना ‘रम्य’ म्हणून पुढे जातात. मला वाटते, सेल्युलर जेलपेक्षा आपल्या वाचकवर्गाने अधिक वेळ थांबावे ते येथे. तुरुंगात आपण सावरकरांच्या बाजूने उभे राहतो; ते सोपे आहे, कारण दीडशे वर्षांत बाजू बदलली आहे. रॉसवर मात्र बदलीच्या ठिकाणी आलेल्या, चांगल्या क्वार्टरच्या आणि स्वच्छ पाण्याच्या शोधात असलेल्या, समोरच्या किनाऱ्यावर काय चालले आहे ते ठाऊक असूनही टेनिस खेळणाऱ्या माणसांचे घर आहे. त्यांची आणि आपली नोकरी एक नव्हे, हे उघड आहे; तरी विश्रामगृहाचे आरक्षण, धक्क्यावर उभी असलेली जीप आणि स्थानिक कचेरीने आखून दिलेला कार्यक्रम, या चौकटीतून पाहिलेले बेट प्रवासवर्णनात उतरते तेव्हा ते तपासणीच्या टिपणासारखे का वाचले जाते, याचे उत्तर रॉसच्या अवशेषांत सापडू शकेल.

या बाबतीत दूरच्या एका पुस्तकाचे उदाहरण उपयोगी पडेल. कॅरिबियन समुद्रातील अँटिगा हे बेट आपल्याकडे व्हिव्हियन रिचर्ड्समुळे माहीत. तेथेच जन्मलेल्या जमेका किंकेड यांनी १९८८ मध्ये ‘अ स्मॉल प्लेस’ हा दीर्घ निबंध लिहिला. त्यातील संबोधन थेट सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला आहे. विमान उतरते, पाहुणा पाण्याचा रंग पाहून हरखतो, आणि लेखिका त्याला विचारू लागते: मोऱ्यांचे पाणी जाते कोठे, इस्पितळ कसे आहे, ग्रंथालय मोडले ते का दुरुस्त होत नाही, ऊस तोडावयास येथे माणसे कोणी आणली? निबंध एकांगी आहे, कित्येक ठिकाणी कर्कश आहे. पण त्यातील एक निरीक्षण विसरता येत नाही: बेटावरच्या माणसालाही कंटाळा येतो, त्यालाही कोठेतरी जावेसे वाटते, त्याच्यापाशी भाडे नसते. आणि कॅरिबियन आपल्याला वाटते तितके दूर नाही. १८४५ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून निघालेले ‘फतेल रझाक’ मे महिन्याच्या अखेरीस त्रिनिदादला लागले. करारमजुरांची ही पद्धत १९१७ पर्यंत चालली. त्या मजुरांनीही त्या देशांना ‘टापू’च म्हटले. सुरिनामला जाणाऱ्यांना आरकाटी ‘श्रीराम टापू’ म्हणून सांगत. सुखाच्या बेटाची जाहिरात हुगळीच्या काठी नवी नाही.

उपेंद्रनाथांच्या पुस्तकाच्या नावापाशी पुन्हा एकदा जावेसे वाटते. बंगालीत ‘निर्वासित’ म्हणजे हद्दपार केलेला. मराठीत निर्वासित म्हणजे घर गमावून आश्रय शोधणारा, ज्याला बंगाली ‘उद्वास्तु’ म्हणतो. अंदमानात दोन्ही अर्थ एका भूमीवर नांदले. १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना कलकत्त्याहून जहाजाने तेथे नेऊन वसवण्यात आले. हॅवलॉकवर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, त्यांनी जंगल तोडून शेती केली. राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर ही तेथील नावे त्या वस्तीची. ज्या राधानगरच्या किनाऱ्यावर आमचा लेखक ‘मानवी स्पर्श न झालेले सौंदर्य’ पाहतो, त्या किनाऱ्याच्या नावातच एका उद्ध्वस्त गावाचे कीर्तन आहे. हे त्याने टिपले असते तर पहिला दिवस आणि दुसरा दिवस यांच्यामधले अव्यय त्याला आपोआप सापडले असते.

मानवी स्पर्शाचा विषय निघाला म्हणून जारवांविषयीही दोन शब्द. त्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडीच्या काचेतून ‘दिसलेल्या’ माणसांची वर्णने अजूनही छापली जातात. ती संपादकांनी परत पाठवावीत. आदिम जमातींच्या रक्षणाचा नियम १९५६ पासून अस्तित्वात आहे आणि तो वाचलेला असण्याची सर्वाधिक शक्यता आपल्याच वाचकवर्गात आहे. सेंटिनेल बेटावर तर जाण्यासच मनाई आहे; तेथील रहिवाशांनी आपली शांतता स्वतः राखली आहे.

इतर बेटांना ते साधले नाही. माउअट यांचे जहाज आले तेव्हा बृहत् अंदमानी जमातींची संख्या काही हजार असावी असा अंदाज केला जातो; १९६१ च्या खानेसुमारीत ती एकोणीस भरली. त्यांच्यातील ‘बो’ ही भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, २०१० च्या जानेवारीत वारली. २००४ ची त्सुनामीही तिने पाहिली होती. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्याकडून शब्द आणि गाणी टिपून ठेवली आहेत. स्वतःच्या भाषेत बोलावयास माणूस उरले नाही, तेव्हा ती पक्ष्यांशी बोलत असे, असे त्यांनी नोंदवले आहे.

आणि तरीही पूजेच्या सुट्टीत अंदमानला जावे. जाऊ नये असे सुचवण्याचा हेतू नाही. निवड करावयाचीच तर माझे मत नीलच्या, म्हणजे शहीद द्वीपाच्या बाजूने पडेल. बेट लहान, वर्दळ कमी. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी गावे, आणि श्रीविजयपुरमच्या बाजारात जाणारी भाजी तेथे पिकते. शेतकरी बंगाली बोलतात, आणि कोलकात्यात चार वर्षे काढलेल्या मराठी माणसाचे मोडकेतोडके बंगाली त्यांना पुरते. भाजीचा भाव विचारून झाल्यावर, घरचे मूळ गाव कोणते, हेही विचारून पाहावे. खुलना, बारिसाल, फरीदपूर असे काहीतरी उत्तर येईल, आणि पुढचे ऐकण्यास सुट्टीतील एक दुपार सहज लागेल.