‘बेरूफ’चा पुरावा : वेबरच्या सिद्धांताची भाषिक बाजू

मॅक्स वेबरचा प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांवरील प्रबंध १९०४-०५ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारित आवृत्ती १९२० साली निघाली. त्याची चिकित्सा बहुधा इतिहासकारांनी व अर्थशास्त्रज्ञांनी केली आहे. परंतु त्याचा एक आधारस्तंभ भाषिक आहे आणि तो भाषाशास्त्राच्या कसोटीवरच पारखला पाहिजे.

वेबरच्या मते जर्मन ‘बेरूफ’ या शब्दात उपजीविकेचा व्यवसाय आणि ईश्वराचे पाचारण हे दोन अर्थ एकवटले आहेत. व्यवसायवाचक अर्थ ल्यूथरने सिराखच्या ग्रंथाचे भाषांतर करताना (११ : २०-२१) प्रथम योजिला. मूळ ग्रीकात तेथे काम व कष्ट या अर्थांचे साधे शब्द आहेत. म्हणजे नवा अर्थ संहितेचा नसून भाषांतरकाराचा होय. हे निरीक्षण निःसंशय मार्मिक आहे.

तथापि सिद्धांताचा खरा भार ल्यूथरवर नाही. त्याची अर्थदृष्टी परंपरानिष्ठच होती, हे वेबरही मान्य करतो. भार आहे तो कॅल्व्हिनपंथीयांवर, विशेषतः इंग्लंडमधील प्यूरिटनांवर. १६११ च्या इंग्रजी बायबलात सिराखच्या याच वचनांत ‘वर्क’ व ‘लेबर’ हे शब्द येतात. ‘कॉलिंग’ येत नाही. तो शब्द आढळतो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (७ : २०). तेथे मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ पाचारण असाच आहे आणि उपदेश आहे तो आहे त्या स्थितीत राहण्याचा. उलट रिचर्ड बॅक्स्टर १६७३ साली सांगतो की, अधिक लाभाचा सन्मार्ग ईश्वराने दाखविला असता तो नाकारणे म्हणजे आपल्या ‘कॉलिंग’च्या एका हेतूस बाध आणणे होय. शब्द एकच; उपदेशाची दिशा मात्र पालटली.

यावरून वेबरचा सिद्धांत खोटा ठरत नाही. त्याच्या पुराव्याचे स्थान मात्र बदलते. शब्द हा परिवर्तनाचा साक्षीदार होय, कारण नव्हे. अर्थ घडला तो धर्मोपदेशात व आचारात. म्हणून शोधही तेथेच घ्यावयास हवा.

मराठीत हा विषय मांडताना ‘बेरूफ’साठी ‘स्वधर्म’ हा शब्द सहज सुचतो. परंतु परंपरेने स्वधर्म वर्णाशी व जन्माशी जोडला आहे. बॅक्स्टरचा श्रद्धावान मनुष्य व्यवसाय बदलू शकतो. हा भेद नजरेआड केल्यास मराठी भाषांतरकारही ल्यूथरप्रमाणे संहितेत नसलेला अर्थ तीत घालील, आणि तोही नेमका उलट दिशेचा.