गोदामांचा पुनर्जन्म

लिव्हरपूलच्या आल्बर्ट गोदीवरील गोदामें जेसी हार्टले यानें आगीच्या भयास्तव सांगाड्यांत लांकूड वर्ज्य करून वीट, दगड व लोखंड यांचीं उभारलीं. १८४६ सालीं गोदी खुली झाली. १९७२ सालीं ती बंद पडली व १९८८ सालीं दुकानें, उपाहारगृहें आणि कलासंग्रहालय यांनीं पुन्हां गजबजली. भिंती वांचल्या याचा आम्हांस आनंद आहे. परंतु भिंती राखणें म्हणजे इतिहास राखणें नव्हे. आरंभीं येथें उतरणारा अमेरिकेचा कापूस गुलामांच्या घामानें पिकत असे. त्या गुलामगिरीचें संग्रहालय येथें उघडण्यास मात्र २००७ साल उजाडावें लागलें! विहारस्थळ रम्य असावें, पण विस्मरणशील नसावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.