जुन्या लांकडी पेट्यांचा जीर्णोद्धार : एक परीक्षण

ज्या पेट्यांत दप्तरें व पोथ्या पिढ्यान्पिढ्या राहिल्या, त्यांकडे संग्राहकांचें लक्ष अलीकडे वळलें आहे, ही संतोषाची गोष्ट होय. माळ्यावरची पेटी चुलींत जाण्यापेक्षां दिवाणखान्यांत आली, हें बरेंच झालें. आमची टीका पेटी राखण्यावर नसून ती ‘नवी’ करण्याच्या प्रचलित पद्धतीवर आहे. या पद्धतींत प्रदर्शन व साठवण हे दोन भिन्न हेतु एकत्र कालविले जातात, आणि दोहोंचीहि हानि होते.

प्रथम प्रदर्शनाचा विचार करूं. जुनें रोगण काचकागदानें घासून लांकूड उघडें करितात, वर चपड्याचा चकचकीत लेप देतात, पितळी पट्ट्या चिंचेनें लखलखीत करितात व गंजलेले खिळे उपटून नवे ठोकतात. यांत काय गेलें याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. लोहारानें घडविलेला खिळा चौकोनी व असमान असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर्रास प्रचारांत आला. हातकरवतीच्या खुणा सरळ, तर यंत्राच्या चक्रकरवतीच्या कमानदार असतात. पेटीवर शक कोरलेला नसेल तेव्हां कालनिर्णयाचीं साधनें हींच. एकट्या खिळ्यावरून निर्णय करूं नये, कारण दुरुस्ती मागाहूनहि झालेली असते. पण ती दुरुस्तीहि पेटीच्या इतिहासाचाच भाग होय. झांकणाच्या आंतून चिकटविलेला मोडी कागद तर प्रत्यक्ष लेखच. तोहि ओल्या फडक्याखालीं नाहींसा होतो.

पोथीच्या बाबतींत असें वर्तन आपण सहन करूं काय? भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे, आणि न स्वीकारलेले पाठ तळटीपांत राखले आहेत. संपादकाचा हात कोठें फिरला, हें वाचकास पडताळतां येतें. लांकडासहि हाच न्याय लावावा. मोडलेल्या पायाच्या जागीं नवा पाय खुशाल बसवावा. परंतु जवळून पाहणारास तो नवा म्हणून ओळखूं यावा, आंतल्या बाजूस त्यावर साल घालावें, व काढलेला तुकडा चिठ्ठी बांधून जपावा. सांधण्यास ऊन पाण्यानें सुटणारा सरस घ्यावा; कायमचा रासायनिक चिकटा नको.

आतां साठवण. पोथीच्या अखेरीस लेखक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिच्या रक्षणाची प्रार्थना करितो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. त्यांत तेल आधीं येतें. तरीहि ‘लांकडास पोषण’ म्हणून पेटीस आंतून जवसाचें तेल चोळून तींतच पोथ्या ठेवितात! शिवाय लांकूड व ताजें रोगण अम्ल वाफा सोडतात. बंद पेटींत त्या कोंडून कागद पिवळा व ठिसूळ होतो, आणि शिशाच्या वस्तूंवर पांढरा गंज चढतो. पूर्वीं दप्तरें पेट्यांतच टिकलीं ना, असा आक्षेप येईल. टिकलीं तीं आपण पाहतों. वाळवीनें खाल्लीं तीं पाहावयास उरलीं नाहींत.

सारांश, आमचें मत असें कीं, पेटी दाखवावयाची तर ती रिकामी दाखवावी. पोथ्या खळ काढून धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालांत बांधून, अम्लरहित पुठ्ठ्याच्या डब्यांत, भिंतीपासून सुट्या फडताळांत ठेवाव्या. पेटीच्या भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत समजून ती पेटी संग्रहापासून दूर न्यावी. सुताराचा हात लागण्यापूर्वीं छायाचित्रें, मापें व मोडी मजकुराची नक्कल हीं तयार असावींत. इतकें ज्यास जमत नसेल, त्यानें मऊ कुंचल्यानें धूळ झाडून पेटी तशीच राहूं द्यावी. पुढील अभ्यासकास ती अधिक उपयोगी पडेल.