फरी-गदगा गेला कुठे?

2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याचा आनंद ओसरण्याआधीच ‘शिवकालीन युद्धकला प्रशिक्षण’ असे फ्लेक्स लावणाऱ्या नव्या वर्गांना आणखी जोर चढला. दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर, अखेरीस पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आणि प्रचारासाठी रील, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. रीलमध्ये हलगी घुमते, लाठी भिरभिरते, पट्ट्याचं पातं लवलवतं. फक्त समोर दुसरा माणूस उभा नसतो. वार अडवणारं, चुकवणारं, उलट वार करणारं कुणी नसेल, तर त्या प्रकाराला युद्धकला म्हणायचं कशाच्या बळावर?

एकट्याने शस्त्र फिरवणं सोपं आहे असं मुळीच नाही. पट्ट्याचा खोबळा हाताला असा धरून ठेवतो की मनगट वळतच नाही. सगळी फेक खांद्यातून आणि कंबरेतून काढावी लागते, आणि पवित्रा चुकला तर ते लवचिक पातं फिरवणाऱ्याच्याच पोटरीवर येतं. ही मेहनत खरी आहे. पण मर्दानी खेळाची, म्हणजे महाराष्ट्राच्या या युद्धकलेची, कसोटी लागते फरी-गदग्यात. एका हातात फरी म्हणजे ढाल, दुसऱ्यात चामड्याने मढवलेला गदगा, आणि समोर तितक्याच तयारीचा गडी. वार लागला की लागला. तिथे वेशभूषा आणि पार्श्वसंगीत उपयोगी पडत नाही. विटा, माडू, बाणा या शस्त्रांची नावं नव्या वर्गांच्या जाहिरातीत ठळक असतात, फरी-गदगा मात्र कोपऱ्यात जातो, कारण कॅमेऱ्याला तो देखणा दिसत नाही. दोघं दबा धरून पावलं सरकवतात, बराच वेळ काही घडत नाही, मग एका क्षणात सारं आटोपतं. शिकणाऱ्याला त्या क्षणातच अंतर, वेळ आणि भीती कळते.

नवी शाळा वाढवायची तर दिखावा हवाच, या समजुतीला ज्युदोचा इतिहास उत्तर देतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात बारा चटयांच्या जागेवर कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी साच्यातल्या सरावापुरते ठेवले आणि मुक्त झुंजीला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणलं. पुढच्या काही वर्षांत पोलिसांच्या सामन्यांत त्यांचे शिष्य जुन्या घराण्यांच्या मल्लांना भारी पडले आणि त्यातून कोदोकानचं नाव झालं. काळ्या पट्ट्याची प्रथाही कानोंचीच. पण त्यांच्याकडे पट्टा झुंजीच्या मागून आला. आपल्या शहरांतल्या कराटे क्लासांबद्दल एवढंच म्हणतो, की जो वर्ग बेल्ट परीक्षेच्या फीवर चालतो, तो मुलाला नापास करू शकत नाही. दोन तासांच्या स्वसंरक्षण शिबिरांनी मुलींच्या मनात जी खोटी खात्री रुजते, ती तर धोकादायकच आहे.

यावर कुणी म्हणेल, कोल्हापूरच्या आखाड्यांनीही कला मिरवणुकीतूनच जगवली. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार उघड चालवायला उत्सवाचाच आसरा उरला. हे मान्य. मात्र तिथे मिरवणुकीमागे वस्तादांच्या नजरेखालचा वर्षभराचा सराव होता, आणि पेठेतला प्रेक्षक चुकलेला पवित्रा ओळखत होता. रीलच्या प्रेक्षकाला ती नजर नाही आणि नव्या वर्गांना ती घडवायचीही नाही. दुसरा आक्षेप भाड्याचा, की रील आणि प्रमाणपत्रांशिवाय जागेचं भाडं निघत नाही. वस्तादांनी फुकट शिकवावं, असं मी म्हणत नाही. केरळात वडकरा इथे कळरीपयट्टूच्या गुरू मीनाक्षी अम्मा ठरावीक फी न घेता कळरी, म्हणजे या युद्धकलेची शाळा, चालवतात, पण ते व्रत प्रत्येकावर लादता येणार नाही. महिन्याची फी उघडपणे घ्यावी; प्रमाणपत्राची घेऊ नये. रील पाहून आलेलं मूल नवलाई संपली की घरी बसतं, जोडीदार मिळालेलं मूल दुसऱ्या दिवशी कालचा वार फेडायला येतं. वर्ग टिकतो तो अशा मुलांवर. इजेची भीती खरी असली तरी तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा आणि जाड हातमोजे आज मिळतात.

पंजाबच्या गतका या युद्धकलेकडे पाहा. सोटी आणि फरी घेऊन समोरासमोर, गुण मोजून होणारी लढत त्यांनी उभी केली, आणि 2021 च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गतका, कळरीपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब यांना जागा मिळाली. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता. गतक्याची फरी आणि आपली फरी यांत असं कोणतं अंतर आहे, की त्यांनी केलं ते आपल्याला जमू नये? नव्या वर्गाने फ्लेक्सचा खर्च वाचवून दर महिन्याला उघड्या मैदानात फरी-गदग्याच्या जोड्या लावाव्यात. पालकांना बोलवावं, शेजारच्या आखाड्याची मुलं आणावीत, पंच बाहेरचा ठेवावा, आणि आपला पोरगा हरला तर ते सगळ्यांदेखत होऊ द्यावं.