स्थळ : शेतावर ‘गावरान’ लग्नाचे एक वाचन

लग्नपत्रिकेत मला सर्वांत बोलकी वाटते ती ‘स्थळ’ ही ओळ. वधूवरांची नावे, कुलदैवत, निमंत्रकांच्या लांबलचक याद्या, शेवटची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही किलबिल, हे सगळे साच्यातले असते. स्थळ मात्र बदलत गेले आहे. खटाव आणि माण भागातल्या लग्नपत्रिका मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. जुन्या पत्रिकांत ‘वराचे राहते घरी’ किंवा ‘वधूचे गावी, मारुती मंदिरासमोर’ असे असते. पुढे शाळेचे पटांगण येते, मग वडूजसारख्या तालुक्याच्या गावातले मंगल कार्यालय. अलीकडच्या काही पत्रिकांवर मात्र एखाद्या फार्मचे नाव असते, कोपऱ्यात बैलगाडीचे रेखाचित्र आणि खाली ‘गावरान थाटात’. ही मंडळी बहुधा पुण्या-मुंबईत नोकरीला असतात, नाहीतर सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायात परमुलखात स्थिरावलेली. दिवाळीला गावी येतात, तुळशीचे लग्न लागले की घरचे कार्य उरकतात. लग्न गावच्या मातीतले हवे, पण पाहुण्यांना खुर्ची, स्वच्छ संडास, मोबाईलला रेंज आणि नवरीच्या खोलीत एसीही हवा. या मागणीत हसण्यासारखे काही नाही. पाहण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. एखादे पुस्तक वाचताना लेखकाने काय उचलले आणि काय वगळले ते आपण पाहतो, तसेच मी या लग्नाकडे पाहणार आहे.

आधी ‘गावरान’ हा शब्द. ‘गावंढळ’ ही शिवी आहे, ‘गावठी’ म्हटले की कमीपणा येतो किंवा दारू आठवते, आणि ‘गावरान’ मात्र कोंबडीपासून लोण्यापर्यंत भाव वाढवून देतो. तिन्ही शब्द एकाच गावातून निघाले आहेत. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रे एकटे उभी करत, तेव्हा प्रेक्षागृह हसत असे ते खेड्यातल्या वऱ्हाडाच्या गोंधळावर. हा एकपात्री प्रयोग १९७९चा. आज त्याच प्रेक्षागृहातल्यांची नातवंडे फेटे बांधून बैलगाडीत बसतात आणि कोणी हसत नाही. गाव हास्यास्पद होते तोवर ते जिवंत होते. ते आदरणीय झाले, तोवर त्यातले बरेच काही बंद पडले होते.

या थाटाची जी छायाचित्रे मोबाईलवरून फिरतात, त्यांच्या मुळाशी अमेरिकेतले धान्यकोठारातले लग्न आहे. तिकडच्या शेतावर गुरे, चारा आणि धान्य सामावणारी एकच मोठी लाकडी इमारत असे. हिवाळा कडक, म्हणून सगळे एका छपराखाली. शरदात सुगी झाली की कोठार भरायचे आणि गावकरी तिथे जमून नाचायचे. शेती यंत्रावर गेली, कोठारे ओस पडली, आणि ती लग्नासाठी भाड्याने मिळू लागली. आपल्याकडे अशी इमारत कधी नव्हतीच. आमच्या भागात गुरे गोठ्यात, ज्वारी कणगीत नाहीतर जमिनीखालच्या पेवात, आणि कडबा उघड्यावर वळई रचून. हवा कोरडी, पाऊस तुटपुंजा, मग एवढे मोठे छप्पर कशाला? आता फार्मवर लोखंडी सांगाड्याला फळ्या ठोकून ते ‘कोठार’ उभे करतात आणि आत पिवळे बल्ब लोंबकळवतात. ते इथल्या कोणत्याच गरजेतून आलेले नाही. त्याच्या जागी आमच्याकडे खरे म्हणजे खळे आहे : चोपून, सारवून केलेली गोल जागा, मधोमध तिवडा.

खळ्याचा प्रश्न असा की ते दिवाळीनंतर रिकामेच असते, बाजरीची मळणी तेवढी होऊन गेलेली. इथले मुख्य पीक शाळू. तो हस्ताच्या आगेमागे पेरायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा. मळणी होऊन घरात धान्य आले, सावकाराचे भागले, शेतात काम उरले नाही, की चैत्र-वैशाखात लग्ने. पंचांगातल्या मुहूर्तांमागे हे दुसरे पंचांग होते. म्हणून आमच्याकडे कार्तिकातले लग्न ‘सुगीचे’ म्हणणे हे तिकडच्या ऋतूचे भाषांतर आहे. अर्थात एक गोष्ट कार्तिकाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. कार्तिकात विहिरीला पाणी असते. वैशाखात हजार माणसांची पंगत उठवायची म्हणजे टँकर आणा, आणि शेजारच्या वाडीला घागरभर पाणी मिळत नसताना पत्रावळ्या धुऊन निघाल्यासारखा चिखल करा. दुष्काळी तालुक्यात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. तेव्हा तारीख कार्तिकातली असावी, या मताचा मीही आहे. फक्त तिचे कारण शेंदरी झेंडूच्या छायाचित्रापेक्षा विहिरीत शोधावे.

आता वस्तूंकडे येऊ. सूप, जाते, उखळ, कंदील, तांब्याचा हंडा, बैलगाडी : सजावटीत हे सगळे असते. यांतली एकही वस्तू जुन्या लग्नात एकटी येत नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. ते वाचले की लक्षात येते, गावातले प्रत्येक कार्य म्हणजे हक्क आणि कर्तव्यांचे जाळे होते. मडकी कुंभाराने आणायची, पत्रावळ्या गुरवाने, पायघड्या परटाने घालायच्या, आणि सनई-हलगी आमच्या भागात होलार आणि मांग मंडळींनी वाजवायची. बदल्यात बलुते, शिधा, एखादे धडोते, आणि बहुतेकांना पंगतीत न बसता मांडवाबाहेरचे जेवण. या जाळ्यातून बाहेर पडणेही सोपे नव्हते. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली घरची लग्ने भटजीविना लावली. तेव्हा आपली दक्षिणा बुडाली म्हणून ग्रामजोशांनी दावा लावला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. बोलावलेच नाही तरी दक्षिणा द्या, हा दावा आज विचित्र वाटतो. पण गावगाड्यातले लग्न हे असे होते. ते दोन घरांचे कमी आणि गावाच्या हिशेबाचे जास्त. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि ते जाणे अत्यंत योग्य होते.

म्हणून गावरान थाटातून बलुतेदार गायब आहेत, याचा मला खेद नाही. मला खटकते ते वेगळेच. माणूस वगळला पण त्याचे अवजार शोभेला ठेवले. मडके आहे, कुंभार नाही. सनई आहे, पण ती पेनड्राइव्हमधून वाजते, आणि त्याच वेळी तीन मैलांवरच्या वाडीत सनईवाला रोजगार हमीच्या कामावर असतो. जातीचा अपमान गेला, आणि त्याच्याबरोबर जातीच्या माणसाची कलाही गेली. पहिले जाऊन दुसरे राहू शकले असते. ढोलावरचा गजी नाच करणारी माणदेशातली धनगर मंडळी अजून आहेत. त्यांना दहा मिनिटांच्या ‘एंट्री’साठी बोलावतात आणि छायाचित्र झाले की गाडीत बसवून देतात.

जात्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. हळदीच्या दिवशी जात्याला सुपारी बांधून सवाष्णी हळद दळत, घाणा भरत, आणि ओव्या गात. त्या ओव्यांत लेकीच्या पाठवणीचे दुःख तर असेच, शिवाय सासरच्या माणसांचा निवाडा, भावाची उणीदुणी, बापाच्या कर्जाचीही बोलणी असत. बाईला उघड बोलायची मुभा होती ती दळताना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज कोणालाही ऐकता येतात. आताच्या लग्नात जाते फुलांनी सजवलेले असते, नवरी खुंट्याला हात लावते, छायाचित्रकार ‘थोडं हसा’ म्हणतो. दळायचे काही नसते, म्हणून म्हणायचेही काही नसते. आजीला बोलावून जात्याशेजारी बसवले आणि पंधरा मिनिटे लाऊडस्पीकर बंद केला, तर काय होईल हे एखाद्या कुटुंबाने करून पाहावे.

बैलांचेही तसेच. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) नारबा हा लग्न न झालेला गडी. मळ्यातली जनावरे हेच त्याचे गणगोत. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरे एकेक करून जातात. कादंबरीचे दुःख असे की ज्याला बायको नाही त्याचा संसारही मोडतो. आज नवरदेव ज्या बैलगाडीतून येतो, ती जोडी त्या दिवसासाठी भाड्याने आणलेली असते. मराठी ग्रामीण कादंबरीत बैल जाताना दिसला. लग्नाच्या चित्रफितीत तो परत आला आहे, पण शेताकडे पाठ करून.

‘गावचे तरी आधुनिक’ लग्न म्हणजे काय, याचे उत्तर मात्र या भागात फार पूर्वीच देऊन झाले आहे, आणि त्याची आठवण कोणत्याही फार्मच्या दरपत्रकात नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे आमच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ला लागले. १८८७ साली फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधी छापला. त्यात वधू गप्प उभी राहत नाही. स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न ती वराला विचारते, आणि वर त्यासाठी झटण्याचे वचन देतो. मग सगळ्यांनी अक्षता टाकायच्या. मांडव तोच, अक्षता त्याच, पाहुणे तेच. बदलले ते बोलणे, आणि कोणाला बोलायचा अधिकार ते. आधुनिकपणा बल्बच्या माळेत न शोधता तिथे शोधला असता, तर गावरान थाटाला काही आशय आला असता.

दुसरे उत्तर प्रतिसरकारच्या काळातले. ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला. पुढच्या वर्षापासून सातारा जिल्ह्यात (तेव्हा सांगलीकडचा बराचसा भाग त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालू लागले. त्यांनी न्यायनिवाड्यांबरोबर ‘गांधी लग्ने’ही लावली : हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री-वरातीचा डौल नाही, लोकांसमोर हार घालायचे आणि शपथ घ्यायची. नाना पाटील स्वतः सत्यशोधक चळवळीतून आलेले, त्यामुळे १८७३ ते १९४३ हा धागा सलग आहे. या लग्नांनाही ‘स्थळ’ होते, गावातली मोकळी जागा. सजावट करायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता, कारण पोलीस मागावर असत.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे खर्च नकोच. तसे मी म्हणत नाही. शेतकरी लग्नापायी कर्जात बुडतो हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. १८७५च्या दंग्यांनंतर नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने चौकशी करून नेमके उलटे नोंदवले. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, अशी प्रसंगे क्वचित येतात आणि माणसाला तेवढी हौस असायचीच, असा त्याचा सूर होता. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बोट ठेवले तेही हौसेवर नव्हे. लग्नाच्या निमित्ताने कोण कोणाला लुबाडतो, यावर होते. आजच्या लग्नालाही मी हाच प्रश्न लावीन. पैसा गेला तर कोणाकडे गेला? सजावटीच्या कंत्राटदाराकडे, ड्रोनवाल्याकडे, फार्मच्या मालकाकडे. गावातल्या किती हातांत पडला, हे एकदा हिशेबाच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहून पाहावे.

गेल्या कार्तिकातली एक पत्रिका माझ्यासमोर आहे. स्थळाच्या ओळीत गट नंबर छापला आहे, मुलीच्या बापाची स्वतःची जमीन. बाजरी निघाल्यावर त्या तुकड्यात मांडव घातला होता. निमंत्रकांच्या यादीखाली एक ओळ अधिक आहे, ‘सनई’, आणि पुढे वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव, आडनावासह. अशी ओळ माझ्या संग्रहातल्या दुसऱ्या कोणत्याही पत्रिकेत नाही. लग्नाला मी गेलो होतो. पहिल्या पंगतीत ते वराच्या मामांच्या शेजारी बसले होते, सनई मांडीवर ठेवून.