सांध्याची कला

येडगावांत यंदा एका वरातीमागून चालतांना एक वाक्य माझ्या कानांत रुतून बसलें. जो तो म्हणत होता, "डीजे मोठा लावला आहे!" लावला, म्हणजे दिवा लावावा तसा. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्यांवर मांड ठोकणारा स्वार. आपल्याकडे स्वार नाहींसा झाला आणि घोड्याच्या खिंकाळण्यालाच तें नांव पडलें. या शब्दविपर्यासांत एका कलेचा विसर दडलेला आहे, तो दूर करावा एवढाच या लेखाचा हेतु.

ही कला सांध्याची. एक गीत सरण्यापूर्वीं दुसरें त्यांत असें मिसळावयाचें, कीं नाचणाऱ्याच्या पावलास खंड पडूं नये. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ‘सँक्चुअरी’ या नृत्यगृहांत फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठेके जुळवीत असे. त्या ठेक्यांमागें हाडामांसाचे वादक होते; लय किंचित् चढे, किंचित् उतरे. म्हणून हात सदैव सावध ठेवावा लागे. पुढें १९८० नंतर शिकागोच्या ‘हाउस’ संगीतांत ठेका यंत्र धरूं लागलें आणि लय अचल झाली. तबकडीचा वेग कमीजास्त करणारी सरकती पट्टी टेक्निक्सच्या यंत्रावर १९७९ सालींच आली होती. आतां दोन गीतें बराच वेळ एकत्र नांदूं शकत. रचनाकारही गीताच्या आरंभीं व अखेरीस नुसता ठेका मोकळा ठेवूं लागले, तो या सांध्यासाठींच.

गोव्यांत नेमकें उलट घडलें. हणजूणच्या किनाऱ्यावर उष्मा आणि धूळ तबकड्यांना मानवेना. म्हणून गोवा गिल आणि त्याचे सोबती कॅसेटी, व नंतर डॅट फिती, वाजवीत. त्या यंत्रांवर वेग बदलण्याची सोय सहसा नसे. ठेक्याला ठेका जुळणार कसा? तेव्हां जेथें ठेकाच नाहीं, अशा आलापीसारख्या जागीं ते सांधा घालीत. पुढें ‘गोवा ट्रान्स’चीं गीतेंही ठेक्यावांचून उगवणारीं आणि ठेक्यावांचून मावळणारीं अशीं दीर्घ होत गेलीं. साधनाची उणीव शैलीच्या कामीं आली, असें मला वाटतें.

आज एक कळ दाबली कीं संगणक लय जुळवून देतो. मग कला उरली कोठें, असा आक्षेप सुशिक्षित घेतात. मला तो पटत नाहीं. पेटीचे सूर आयते मिळतात, म्हणून पेटीवादन सोपें झालें असें जाणता म्हणणार नाहीं. कष्ट गेले, विवेक उरला. पुढें काय, केव्हां आणि कोणत्या मेळ्यापुढें, हें कोणतीही कळ सांगत नाहीं.

वरातींत मात्र हा विवेक मला ऐकूं येईना. गीत मध्येंच तुटे, भोंगा किंचाळे, आणि पुढचें गीत अधिक मोठ्यानें सुरू होई. सांध्याची जागा आवाजानें घेतली होती. हें सारें नारायणगावच्या शेजारीं! विठाबाई नारायणगावकरांच्या (१९३५–२००२) या गावीं तमाशाच्या प्रेक्षकानें गणापासून वगापर्यंत ढोलकीनें बांधलेला सांधा पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. ढोलकीची सम चुकली तर येथला शेतकरी मान फिरवितो. मग डीजेच्या चुकीकडे त्यानें कानाडोळा कां करावा?

रात्रीचे दहा वाजत आले, तसा गाडीवरचा आवाज उतरविण्यांत आला. आणि त्या मंद आवाजांत यंत्रामागच्या पोरानें एका सरत्या गीताखालीं हलगीचा ठेका हळूंच सरकविला. दुसरें गीत त्यावर केव्हां येऊन बसलें, तें कळलेंही नाहीं. दोन म्हाताऱ्या कडेला टाळ्या धरून उभ्या राहिल्या. पोराला कला येत होती. इतका वेळ ती मागणारे कोणी नव्हतें. पुढल्या वरातींत डीजे किती मोठा लावला हें पुसण्यापूर्वीं, वाजवितो कोण, हें आपण पुसूं या.