तात्या विंचू आणि मंडईचा मामा

आमच्या गावात 'झपाटलेला' आला तो कॅसेटवर. लाखांदूर तालुक्यातलं गाव, चुलतबहिणीचं लग्न आणि मांडवात पाहुण्यांसाठी भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही-व्हीसीआर. बाहुल्यानं मान वळवली आणि नेमकी तिथंच टेप अडकली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. व्हिडिओवाला पोऱ्या झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसत बसला. तेवढ्यात एक मामा उठले. मंडईच्या, म्हणजे आमच्या गावजत्रेच्या, नाटकात दरवर्षी खलनायक तेच करायचे. घोंगडी खांद्यावर घेतली, मान तिरपी केली, तोवर ऐकून पाठ झालेला 'ओम फट् स्वाहा' घशातून काढला आणि पुढची गोष्ट स्वतःच्या मनानं सांगायला लागले. टेप सुरू झाली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "बंद कर ना बे तो डबा, मामाचं होऊ दे!"

महेश कोठारे यांच्या सिनेमांविषयी पुढं बरंच वाचलं. त्यात हा मामा कुठंच भेटला नाही. तिथं भेटतं ते हॉलिवुड. मराठीतला हॉलिवुडछाप दिग्दर्शक म्हणजे कोठारे, हे आता इतकं ठरून गेलंय की कौतुकही त्याच शब्दांत होतं आणि हेटाळणीही. उसनवारीचा हिशेब चुकीचा नाही. 'धूमधडाका' (१९८५) हा श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटावरून आलेला, ज्यावरून हिंदीत 'प्यार किये जा' आधीच होऊन गेला होता. 'दे दणादण' (१९८७) मधला, लाल रंग दिसला की शक्ती जाणारा पोलीस टेरेन्स हिलच्या 'सुपर फझ'चा भाऊबंद. 'झपाटलेला' (१९९३) च्या मागं 'चाइल्ड्स प्ले' (१९८८), 'माझा छकुला' (१९९४) च्या मागं 'होम अलोन'. उसनवारीची वही उघडीच आहे. पण धान उसनं आणलं तरी भात कोणत्या चुलीवर शिजला, हे बघायला नको का?

'चाइल्ड्स प्ले'मधला चकी विकत आणलेला असतो. जाहिरात बघून पोरगं हट्ट करतं, आई पैसे मोजते आणि खोक्यातून खुनी बाहेर येतो. भीती त्या खरेदीतच आहे. १९९३ साली मराठी घरात असलं महागडं खेळणं होतंच कुठं? कोठाऱ्यांनी बाहुला बाजारातून उचलला आणि शब्दभ्रमकाराच्या मांडीवर ठेवला. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या शाळेच्या गॅदरिंगपासून दूरदर्शनपर्यंत सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. लक्ष्मीकांत बेर्डेचा लक्ष्या हा बाहुल्यांशी बोलणारा गडी, म्हणून त्याच्या घरी बाहुला येणं कोणालाच खटकत नाही. राहिला प्रश्न बाहुल्यात शिरणाऱ्या तात्या विंचू या गुंडाच्या आत्म्याचा. मूठ मारणं, करणी करणं, झपाटणं हे शब्द आमच्याकडं चहाच्या टपरीवर ऐकू येतात. तात्या विंचूला आमच्या गावात ओळख करून द्यावी लागली नाही. तो आला आणि बसला.

त्याचा आवाजही ऐका. दिलीप प्रभावळकरांनी माणूस-तात्याही केला आणि बाहुल्याला आवाजही त्यांनीच दिला. पाध्यांच्या बोटांनी त्या बाहुल्याला मान दिली, नजर दिली. म्हणजे मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या 'तांत्रिक' करामतीच्या तळाशी एक नट आहे आणि एक हाताचा कारागीर.

कोठारे हे नाटकवाल्याच्या घरातलं पोर. वडील अंबर कोठारे रंगभूमीवरचे. महेश स्वतः बालकलाकार म्हणून 'छोटा जवान' (१९६३) आणि 'राजा और रंक' (१९६८) मध्ये दिसले, मग वकिली शिकले आणि परत कॅमेऱ्याकडं आले. त्यांच्या खलनायकांची एंट्री बघितली की हे घराणं कळतं. 'थरथराट'चा टकलू हैवान, 'धडाकेबाज'चा कवट्या महाकाळ, 'झपाटलेला'चा कुबड्या खवीस. आधी नाव कानावर पडतं, मग सावली, मग संगीत, मग माणूस. झाडीपट्टीच्या नाटकात अगदी हेच होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. मूळ दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार, त्यावर चढलेलं संगीत नाटक आणि आता त्यावर चढलेला सिनेमा. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं. शेतात कनाती लागतात, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा कोंबडा आरवलेला असतो. वरून माईक लोंबत असतात, विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसलेला असतो, कारण नटाला आज हे नाटक आणि उद्या दुसरं. मध्ये लावणी, मध्ये नकल्याची धमाल. गावात घरोघरी पाहुणे, आणि त्याच पाहुण्यांत लग्नंही जुळतात. नाटकांची नावं ऐकाल तर सिनेमाची वाटतील, आणि जाहिरातीत मुंबईहून आणलेल्या 'सिनेस्टार'चा फोटो सगळ्यांत मोठा.

असली रात्र ज्यानं जागवली आहे, त्याला 'धडाकेबाज' बघताना काही नवीन वाटत नाही. बाटलीतला गंगाराम म्हणजे आमचा नकल्या. तो केव्हाही येतो, कथेला धरून बोलत नाही आणि त्याच्याशिवाय कथा पुढं सरकत नाही. सचिन पिळगावकरांच्या 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये विनोद घराच्या चार भिंतींत, भाडेकरू आणि मालकिणीत घडतो. तो शहराचा विनोद, सुतारकामासारखा घट्ट बसवलेला, आणि तो जास्त चांगला सिनेमा आहे हेही कबूल करायला हवं. कोठारे मात्र दार उघडून बाहेर पळतात. त्यांना टेकडी लागते, जीप लागते, आरडाओरड लागते. पटकथेला भोकं पडतात आणि त्या भोकांतून लक्ष्मीकांत आत शिरतो.

तोच खरा मुद्दा. १९८५ ते १९९४ ही कोठाऱ्यांची भरभराटीची वर्षं, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक यशात लक्ष्मीकांत बेर्डे आहे. स्वतः दिग्दर्शक पडद्यावर 'डॅम इट' म्हणत ताठ इन्स्पेक्टर होऊन उभा राहायचा आणि वाकण्याचं सगळं काम लक्ष्याकडं. 'झपाटलेला'तला त्याचा भित्रेपणा बघा. बाहुला जिवंत आहे हे त्याला एकट्याला ठाऊक, कोणी विश्वास ठेवत नाही आणि हसू येत असतानाच त्याची दया येते. हा प्रसंग अमेरिकन चित्रपटात लहान मुलाच्या वाट्याला आलेला आहे. मराठीत तो दाढी-मिशांच्या वयाच्या माणसावर टाकला आणि त्यानं तो पेलला. उसनवारीचं व्याज कुठं फिटलं असेल तर इथं.

दोषही त्याच मातीतले. टकलू, कुबड्या: खलनायकाची ओळख त्याच्या अंगातल्या व्यंगावरून. गावठी टोपणनावांची ही सवय नाटकातून आली, सिनेमानं ती बिनदिक्कत मोठी केली, आणि आमच्या वर्गातल्या एका पाठीत वाक असलेल्या मुलाला तीन वर्षं कुबड्या खवीस म्हणून हाक मारणाऱ्यांत मीही होतो. नायिकांचं तर बोलायलाच नको. निवेदिता जोशी, प्रेमा किरण यांच्यासारख्या नटींना गाण्यापुरतं आणि पळापळीपुरतं वापरलं. 'झपाटलेला'त मधू कांबीकरांनी केलेली आई तेवढी लक्षात राहते, कारण तिथं नटीनं मिळालेल्या दोन प्रसंगांचं सोनं केलं.

कोठाऱ्यांना तंत्राची हौस पहिल्यापासून. 'धडाकेबाज' सिनेमास्कोप, पुढं 'झपाटलेला २' (२०१३) थ्रीडी. मराठी निर्माता हातखर्चाला महाग असताना हा माणूस पडदा रुंद करायला निघाला, याचं मोल कमी नाही. पण १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत गेला. त्याच वर्षीच्या 'पछाडलेला'त भुतं भरपूर आहेत आणि तो चाललाही, पण लक्ष्मीकांत गेल्यावर मधली भोकं भरणारं कोणी उरलं नाही. थ्रीडीत तात्या विंचू प्रेक्षकाच्या नाकापर्यंत आला. मी तो भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर, नागपुरात चष्मा लावून पाहिला. बाहुला जवळ आला, भीती तेवढी आली नाही. नंतर त्यांनी 'जय मल्हार' (२०१४) सारख्या मालिकांत तीच भव्यतेची हौस भागवली, आणि ती घरोघरी पोचली.

मराठीत मोठा गल्ला आता दुसऱ्या वाटेनं येतो. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'नं (२०१६) शंभर कोटींचा टप्पा ओलांडला तो कोणत्याही करामतीविना, जेऊर-करमाळ्याची बोली आणि नवखी पोरं घेऊन. त्यांचाच हिंदी 'झुंड' २०२२ च्या मार्चमध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतून आला. त्याच वर्षी जूनमध्ये तृशांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' आला, थेट झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवर. नावातच हॉलिवुडला चिमटा. त्यात आमचीच माणसं, आमचीच बोली, ण ला न म्हणणारी. चित्रपट जरा विस्कळीत आहे, पण विंगेतली धावपळ, रंग पुसलेला चेहरा आणि उद्याच्या गावाची गाडी हे त्यानं जवळून दाखवलं. तो बघायला मात्र आमच्या गावातून कोणी गेलं नाही. एका जुन्या नटाला विचारलं तर म्हणाला, "आमी रोज करतो थे पैसे देऊन काहाले पाहाचं जी?"

गेल्या मंडईत गावात नाटक होतं. दुसऱ्या अंकात वरचा माईक बंद पडला. खलनायक थांबला, वर बघितलं, बोट रोखलं आणि म्हणाला, "डॅम इट!" कनातीत हशा. माझ्या शेजारी बसलेला आठ-नऊ वर्षांचा भाचा सगळ्यांत मोठ्यानं हसला. हे कोणाचं वाक्य, असं मी त्याला विचारलं. "तात्या विंचूच्या पिच्चरमधल्या पोलिसाचं," तो म्हणाला आणि परत स्टेजकडं बघायला लागला. तिकडं प्रॉम्प्टर अर्धा बाहेर येऊन पुढचं वाक्य ओरडून सांगत होता, आणि पहाटेचे तीन वाजले होते.